बंद काय करायचं, ते आधी सांगा

३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशीचे पेपर मुख्यालयं, शाखा आणि नोकऱ्यांच्या हिशेबांनी भरून गेले. त्याच घोषणेत आणखी एक बाब होती, तिच्यावर कट्ट्यावर चर्चा होण्याचं काही कारण नव्हतं: कुठली बँक कुठल्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर चालते. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड या तिन्ही फिनॅकलवर होत्या. युनियन, आंध्र आणि कॉर्पोरेशन याही फिनॅकलवरच. कॅनरा आणि सिंडिकेट आयफ्लेक्सवर, तर इंडियन आणि अलाहाबाद टीसीएसच्या बँक्स प्रणालीवर. स्थळ बघताना नाडी तपासावी, तसं इथे सॉफ्टवेअर तपासलं गेलं होतं.

तरीही सगळं एका रात्रीत जुळलं नाही. १ एप्रिल २०२० ला विलीनीकरण झालं, पण ओरिएंटल आणि युनायटेडची जुनी चेकबुकं रद्द व्हायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. एकाच नावाचं सॉफ्टवेअर दोन बँकांत बरीच वर्षं नांदलं की ते एक राहत नाही. आवृत्ती वेगळी होते, कर्जयोजनांचे कोड वेगळे होतात, एटीएम, पेन्शन, ट्रेझरी, सरकारी कर यांच्याशी केलेल्या जोडण्या वेगळ्या होतात. हा सगळा पसारा समोर मांडून, यातलं काय ठेवायचं, काय जोडायचं आणि काय कायमचं बंद करायचं हे सांगणाऱ्या माणसाला एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणतात. ऑफिसात त्याला नुसतं 'ईए' म्हणतात. तो बाहेर गेला की 'चित्रं काढणारा' म्हणतात.

पेशा तसा जुना नाही. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्याच संशोधनपत्रिकेत लेख लिहिला, तिथून त्याची वंशावळ सांगायची पद्धत आहे. काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का, या सहा साध्या प्रश्नांवर त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली चौकट उभी आहे. १९९५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामाच्या पायावर टोगॅफ या आर्किटेक्चरच्या चौकटीची पहिली आवृत्ती आली, २०२२ मध्ये दहावी. आपल्याकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं सरकारी खात्यांसाठी 'इंडईए' नावाची चौकट काढली. चौकटींचा इतिहास एवढा पुरे. चौकट पाठ असलेला माणूस आणि काम जमणारा माणूस यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर कसं कापलं जातं हे कुणा एकाच्या नोकरीकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

पुण्यात अशा एक बाई आहेत. युरोपातल्या एका विमा समूहाचं इथे केंद्र आहे, तिथे त्या या पदावर आहेत. नाव छापू नका म्हणाल्या. मूळच्या सांगलीच्या, शिक्षण बी.कॉम. आणि वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. इंजिनिअर नसल्याचा त्यांना पहिली काही वर्षं न्यूनगंड होता. आता त्या म्हणतात की डेबिट-क्रेडिट हाताशी नसतं तर या कामात आपण टिकलोच नसतो.

त्यांची सुरुवात वाय-टू-केच्या लाटेत झाली. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं असायचं, ते चार आकडी करायचं. ऐकायला कारकुनी काम. प्रत्यक्षात ते दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं वाचायचं काम होतं, आणि लिहिणारा बहुधा निवृत्त झालेला असायचा. काही ठिकाणी ९९ हे साल नसायचंच. 'मुदत नाही' किंवा 'इथे यादी संपली' अशी ती खूण असायची. काही प्रोग्रॅम २००० हे लीप वर्ष मानायला तयार नव्हते, कारण लिहिणाऱ्याला शंभरानं भाग जाण्याचा नियम ठाऊक होता, चारशेचा अपवाद ठाऊक नव्हता. कुठल्याच दस्तऐवजात हे लिहिलेलं नव्हतं. आजही नवा मुलगा टीममध्ये आला की बाई त्याला आधी दुसऱ्याचा कोड वाचायला बसवतात. लिहिता सगळ्यांनाच येतं, असं त्यांचं मत आहे.

वाचायला शिकणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी, विचारायला शिकणं, त्यांना सहकारी बँकांनी शिकवली.

दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या सहकारी बँका एकेक करून कोअर बँकिंगवर जात होत्या. लेजर आणि शाखेपुरत्या संगणकांतून सगळी खाती एका मध्यवर्ती ठिकाणी न्यायची. एका माणसाची पाच खाती असतील तर त्याला एकच ग्राहक क्रमांक मिळायला हवा. मग तो एकच माणूस आहे हे ओळखायचं कसं? सॉफ्टवेअरवाल्या टीमचा नियम सोपा होता: नाव तेच, जन्मतारीख तीच, तर माणूस तोच. एका बँकेत हा नियम चालवून पाहिला तेव्हा एकेका नावाखाली भलतीच माणसं गोळा होऊ लागली. परगावाहून आलेल्या टीमला वाटलं, डेटा खराब आहे, ऑपरेटरनं कंटाळून एकच तारीख भरली आहे. काही खात्यांत खरंच तसं होतं. १ जानेवारी १९०० ही तारीख म्हणजे 'माहीत नाही' एवढाच तिचा अर्थ. पण १ जूनचं काय?

बाईंनी हेड कॅशियरना विचारलं, "काका, इतक्या लोकांचा वाढदिवस एक जूनला कसा हो?"

काका हसले. "अहो मॅडम, आमच्या वेळी गुरुजी शाळेत नाव घालताना लावायचे ती तारीख. माझीही तीच आहे."

ज्यांचं बालपण महाराष्ट्राच्या खेड्यात गेलं त्यांना यात काही नवल वाटणार नाही. घरी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना वय बसवायचं, ते जूनच्या पहिल्या तारखेला. म्हणजे त्या पट्ट्यात एकच आडनाव, एकच नाव आणि १ जून हे तिन्ही जुळूनही माणसं वेगळी असू शकतात. नियम बदलला. वडिलांचं नाव, गाव आणि सहीचा नमुना त्यात आला आणि शंका असेल तिथे शाखेतल्या माणसानं डोळ्यांनी बघायचं ठरलं. काम लांबलं, व्हेंडरनं कुरकुर केली. पण एका सुनीलची ठेव दुसऱ्या सुनीलच्या नावावर गेली नाही.

हा किस्सा बाई मुलाखतींत सांगतात, कारण त्यात या पेशाचं निम्मं कौशल्य आहे असं त्यांना वाटतं. यंत्रणेबद्दलचं खरं ज्ञान यंत्रणेत नसतं; ते काउंटरमागे, बॅक ऑफिसात, कुणाच्या तरी वहीत असतं. तिथवर जायला पाय लागतात आणि समोरच्याला आपली परीक्षा चालली आहे असं न वाटू देता विचारायची रीत लागते. टोगॅफनं आर्किटेक्टच्या कौशल्यांचे सात गट पाडले आहेत आणि प्रत्येक कौशल्याला चार पायऱ्या दिल्या आहेत. त्यात पहिलाच गट आहे तो नेतृत्व, सहकार्य, बोलणं, लिहिणं, माणसं सांभाळणं यांचा. तांत्रिक गट नंतर येतात. परीक्षेला बसणारे मात्र हे पान भरभर उलटतात.

त्याच बँकांमध्ये आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, पण तिचं महत्त्व कळायला बरीच वर्षं जावी लागली. कोअर बँकिंग रात्र गृहीत धरून बांधलेलं होतं. संध्याकाळी काउंटर बंद, मग डे-एंड, व्याजाची बॅच, सकाळी नवी तारीख. ही रात्र कुणी मागितली नव्हती. ती होतीच. पुढे एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस. रात्री दोन वाजता स्टँडवरच्या चहाचे दहा रुपये फोनवरून जाऊ लागले आणि बँकांच्या यंत्रणांची रात्र संपली. सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता. ज्या गृहीतावर ते उभं होतं ते गृहीत गेलं होतं. अशी न लिहिलेली गृहीतं हुडकणं, आणि त्यांतलं कुठलं मोडीत निघण्याच्या बेतात आहे हे आधी ओळखणं, यासाठी कुठलाही अभ्यासक्रम नाही. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचायची सवय मात्र उपयोगी पडते. बाई ती अजून वाचतात, भारतीय बँकेशी कामाचा संबंध उरला नसतानाही.

विमा समूहात आल्यावर त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं काम यादी करण्याचं होतं. कंपनीकडे एकूण किती सॉफ्टवेअर आहेत? कुणालाच माहीत नव्हतं. आयटीकडे एक यादी होती, सुरक्षेवाल्यांकडे दुसरी, ऑडिटरकडे तिसरी, आणि तिन्हींचा एकमेकींशी मेळ नव्हता. हे काही त्याच कंपनीचं वैशिष्ट्य नाही. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गानं नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. त्या प्रसिद्धिपत्रकात उणिवांची जी जंत्री होती, तिच्यात पहिलीच बाब होती आयटी साधनसामग्रीच्या यादीचं व्यवस्थापन. पॅच, प्रवेशाधिकार, व्हेंडर, आपत्तीची तयारी, हे सगळं त्यानंतर. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नसेल तर ते सुरक्षित आहे की नाही हे कोण सांगणार, असा त्या क्रमाचा साधा अर्थ.

यादी कशी करायची याची बाईंची युक्ती ऐकण्यासारखी आहे. त्या आयटीकडे गेल्याच नाहीत, अकाउंट्सकडे गेल्या. देयकं मागितली. दरवर्षी कुणाला लायसन्सचे पैसे जातात, कुणाला एएमसीचे, कुठल्या विभागाच्या क्रेडिट कार्डावर कुठल्या क्लाउड सेवेचं बिल येतं. सॉफ्टवेअर लपतं, पण बिल लपत नाही. विभागांनी परस्पर विकत घेतलेल्या कितीतरी गोष्टी अशा बाहेर आल्या. ज्यांचं बिलच येत नव्हतं अशाही निघाल्या: एका विभागात निवृत्तिवेतनाची आकडेमोड एका एक्सेल फाइलवर चालली होती, मॅक्रो लिहिणारा कधीच सोडून गेला होता, आणि फाइलचं नाव 'फायनल-नवी-२' असं काहीतरी होतं. बी.कॉम. इथे कामाला आलं. परचेस ऑर्डर, तरतूद, घसारा हे शब्द ज्याला परके आहेत त्यानं या पेशात येऊच नये, असं त्या जरा कडकपणे म्हणतात. जरा कडकपणे, कारण चांगले इंजिनिअर हे सहा महिन्यांत शिकतात. शिकायची इच्छा हवी, एवढंच.

यादी झाली की तिच्यातल्या प्रत्येक ओळीचं काय करायचं ते ठरवायचं. गार्टनर या सल्लागार कंपनीची चार खान्यांची पद्धत जगभर वापरात आहे: चालू द्या, पैसे घाला, हलवा, काढून टाका. पहिले तीन खाने भराभर भरतात. चौथा रिकामा राहतो. नवं काही आणायचं म्हटलं की व्हेंडर येतो, सादरीकरण होतं, उद्घाटनाचा केक कापला जातो. जुनं बंद करायला मात्र कुणी बजेट मागत नाही, आणि बंद केल्याबद्दल कुणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. बाईंच्या मते या पदाचं खरं काम तिथेच सुरू होतं. एखादा विभाग नव्या प्रणालीचा प्रस्ताव घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे आणल्यावर बंद काय करणार?" त्यांच्या ज्युनियरनी मग त्यांचं तेच नाव ठेवलंय. पाठीमागे, अर्थात.

बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. त्यांच्या केंद्रात रोज मध्यरात्रीनंतर एक फाइल एका जुन्या सर्व्हरवर जाऊन पडायची. ती कोण वाचतं? पाठवणारे म्हणाले, घेणाऱ्यांना विचारा. घेणारा विभाग दुसऱ्यात विलीन झालेला. सर्व्हर जुना, त्याचे सुटे भाग मिळेनात, सुरक्षेवाले रोज तगादा लावत होते. या धंद्यात एक आडदांड उपाय प्रसिद्ध आहे: बंद करा आणि कोण बोंबलतं ते बघा. चेष्टेनं सांगितला जात असला तरी तो बऱ्यापैकी चालतो. पण विम्यात बोंब वर्षानंही येऊ शकते. १९८० च्या दशकात विकलेली पेन्शन पॉलिसी आजही जिवंत असते. ग्राहक जिवंत आहे, हप्ता द्यायचा आहे, आणि त्या वेळचे नियम त्या जुन्या यंत्रणेतच आहेत. योजनेची विक्री कधीच बंद झाली म्हणून आकडेमोड बंद करता येत नाही. म्हणून बटणाआधी बाई कायदा विभागाकडे गेल्या, मग ॲक्च्युअरींकडे, मग वर्षाअखेरीची विवरणं भरणाऱ्यांकडे. तिथे कळलं की फाइलमधल्या बऱ्याच रकान्यांपैकी एकच रकाना वर्षातून एकदा, नियामकाच्या विवरणासाठी, कुणीतरी उघडून बघतं. तो रकाना दुसरीकडून मिळण्याची सोय झाली, विवरणाचा एक हंगाम जाऊ दिला, आणि मग सर्व्हर बंद झाला. कुणी बोंबललं नाही. केकही कापला गेला नाही.

या सगळ्यात एक अवघड भाग असतो, तो म्हणजे अधिकार नसणं. आर्किटेक्टच्या हाताखाली माणसं फार नसतात, बजेट दुसऱ्याचं असतं, कोड तिसऱ्याचा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली 'डेटामेशन' मासिकात एक निरीक्षण मांडलं होतं: संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्या संस्थेनं घडवलेली यंत्रणा होते. पॉलिसी देणारा विभाग आणि दावे निकाली काढणारा विभाग एकमेकांचं तोंड बघत नसतील तर ग्राहकाचा पत्ता दोन ठिकाणी राहणार, आणि एकीकडे बदललेला दुसरीकडे बदलणार नाही. हे दुखणं तंत्रानं बरं होत नाही. दोन्ही विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवून पत्त्याचा धनी कोण हे ठरवून घ्यावं लागतं. जीन रॉस, पीटर वेल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न मोठ्या पटावर मांडला आहे: कंपनीच्या सगळ्या विभागांनी एकसारखंच काम करायला हवं का, आणि त्यांनी एकच माहिती वापरायला हवी का? या दोन प्रश्नांची उत्तरं वरिष्ठांनी आधी द्यायची, मग आर्किटेक्टनं आखायचं. व्यवहारात वरिष्ठ उत्तर देत नाहीत आणि आर्किटेक्टकडून आखणी मागतात. त्यांच्याकडून उत्तर काढून घेणं हे कौशल्य आहे, आणि त्यासाठी राजकारण कळावं लागतं. 'मला राजकारणात पडायचं नाही' असं अभिमानानं सांगणारे हुशार तंत्रज्ञ या पदावर दोन वर्षांत थकतात.

नाही म्हणता येणं हे त्याच्याही पुढचं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण बाई प्रत्येक नव्या बॅचला वाचायला लावतात. लॉइड्सपासून वेगळी झालेली ही बँक २०१५ मध्ये स्पेनच्या साबाडेलनं घेतली. तोवर ती लॉइड्सच्याच यंत्रणेवर भाड्यानं चालत होती. एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी ५२ लाख ग्राहकांची खाती साबाडेलच्या धर्तीवर बांधलेल्या नव्या यंत्रणेत नेली गेली. गंमत अशी की डेटा नीट पोचला. यंत्रणा कोसळली. जवळपास १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात, काहींना दुसऱ्याचीच खाती दिसली. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला आणि सव्वादोन लाखांहून अधिक तक्रारी आल्या. नंतरच्या स्वतंत्र चौकशी अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, आधी तारीख ठरवून तिथून उलटं मोजत बेत आखला गेला. दुसरी, दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भाराची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी बँकेच्या त्या वेळच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला. पुरवठादाराची तयारी खरोखर झाली आहे का, याची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नाही, असा त्यात ठपका होता.

हा शेवटचा आकडा वाचताना वर्गात शांतता पसरते. 'व्हेंडरनं सांगितलं तयार आहे' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक गो-लाइव्ह बैठकीत ऐकू येतं. तयार म्हणजे काय, कशावर तपासलं, दुसऱ्या डेटा सेंटरचं काय, हे विचारणारा माणूस त्या खोलीत नकोसा असतो. तरी विचारावं लागतं, आणि उत्तर लिहून ठेवावं लागतं.

लिहिणं हे या पेशात सर्वांत कमी लेखलेलं कौशल्य असावं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये एक साधी पद्धत सुचवली: प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांची टिपणी. परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय होतील, निर्णय अजून लागू आहे का. बस. बाईंच्या टीममध्ये अशा टिपण्यांशिवाय कुठलाही प्रस्ताव रिव्ह्यू बोर्डापुढे जात नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. त्यांना चौकटी-बाणांची चित्रं काढायला आवडतं, कारण चित्रात 'का' लिहावं लागत नाही. मग एखाद्या दिवशी तीन वर्षांपूर्वीचा निर्णय कुणी केला म्हणून आरडाओरडा होतो, टिपणी उघडली जाते, तेव्हाची कारणं वाचली जातात, आणि बैठक दहा मिनिटांत संपते. वाय-टू-केच्या वेळी ९९ चा अर्थ कुणी अशा एका पानावर लिहून ठेवला असता तर किती रात्री वाचल्या असत्या, हे त्या हमखास ऐकवतात.

मग कोड लिहायचा की नाही? यावर या क्षेत्रात कायमचा वाद आहे. ग्रेगर होपे यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात आर्किटेक्टला लिफ्टमध्ये बसवलं आहे: वर संचालकांच्या मजल्यावर जायचं, खाली इंजिनरूममध्ये उतरायचं, आणि मधल्या मजल्यांवर हरवलेला निरोप स्वतः पोचवायचा. आपल्या आयटीतली शिडी माणसाला दहा-बारा वर्षांत खालच्या मजल्यावरून उचलते आणि पुन्हा उतरू देत नाही. सेवा कंपन्यांत तर 'आर्किटेक्ट' हे पद बऱ्याचदा प्रस्तावात दर वाढवून लावण्यासाठी असतं. बायोडेटा जातो, माणूस तीन प्रोजेक्टांत वाटला जातो. अशा पदावर दहा वर्षं काढूनही एखाद्यानं एकही प्रणाली बंद होताना पाहिलेली नसते. बाई स्वतः आता कोड लिहीत नाहीत, पण महत्त्वाचा इंटरफेस असला की त्याचे लॉग स्वतः उघडून बघतात. एवढं पुरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या काही सहकाऱ्यांना ते पुरेसं वाटत नाही. दोन्ही बाजूंना चांगले आर्किटेक्ट आहेत, तेव्हा वाद मिटण्याची चिन्हं नाहीत.

प्रमाणपत्रांबद्दल त्या फटकळ आहेत. टोगॅफचा पहिला भाग शब्द शिकवतो, दुसऱ्या भागाला पुस्तक उघडं ठेवून बसता येतं. दोन्ही द्यावेत, कारण भरती करणारे बायोडेट्यात तो शब्द शोधतात. पण ब्रिटनमध्ये उगम पावलेली एसएफआयए ही कौशल्यांची चौकट बघितली तर तिच्या सात पायऱ्यांपैकी एंटरप्राइझ आर्किटेक्चरची नोंद पाचव्या पायरीपासून सुरू होते. खालच्या चार पायऱ्यांवर हे काम दाखवलेलंच नाही. म्हणजे कॉलेजातून थेट इथे येण्याची वाट नाही, आणि तशी वाट विकणाऱ्या क्लासपासून दूर राहिलेलं बरं. आधी कुठलं तरी एक काम खोलवर यावं लागतं: डेटा, नेटवर्क, दावे, कर्ज, काहीही. रुंदी नंतर येते.

पुण्यात गेल्या काही वर्षांत परदेशी कंपन्यांची अशी केंद्रं हिंजवडी, खराडी, बाणेर भागात वाढली आहेत. पूर्वी आराखडा लंडनमध्ये ठरायचा आणि इथे बांधला जायचा. आता काही ठिकाणी आराखडाही इथे ठरतो. त्यामुळे या पदाच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत आणि तिशी-पस्तिशीतले मुलगे-मुली बाईंना विचारतात, सुरुवात कुठून करू? बाई कुठल्या पुस्तकाचं नाव सांगत नाहीत. तुम्ही सध्या ज्या प्रोजेक्टवर आहात तिथून रोज बाहेर जाणारी एक फाइल किंवा एक रिपोर्ट निवडा, म्हणतात. तो कोण वाचतं, कशासाठी वाचतं, आणि उद्या बंद केला तर कुणाचं काय अडेल, हे त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन विचारून या. आल्यावर एका पानात लिहा. या पेशाकडे वळण्याचा विचार असलेल्या वाचकानंही फी भरण्यापूर्वी एवढं करून पाहावं. विचारायला जायचा कंटाळा आला, तर फी वाचेल.